जोन्स आजारासाठीची वार्षिक गोठाभेट सेवा: काय मिळते, काय राहून जाते

दुभत्या जनावरांच्या आतड्याच्या जुनाट आजारावर, त्यातही मुख्यतः जोन्स आजारावर, वर्षभराच्या कराराने गोठ्यावर येऊन काम करणारी एक खासगी पशुवैद्यकीय सेवा चिपळूणहून चालते. दाभोळ खाडीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे गुहागर आणि दापोली या दोन्ही तालुक्यांत, तिचे पशुपालक आहेत. डॉक्टर धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घालतात आणि पलीकडचे गोठे त्याच दिवशी उरकून येतात. आमचा गोठा गुहागर तालुक्यात आहे. करार घेतल्यावर एक पावसाळा, एक हिवाळा आणि गाई विण्याचा एक हंगाम पार पडला, म्हणून आता लिहिण्याइतके हाती आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याला चिपळूणच्या कोणत्याही पशुखाद्याच्या दुकानात विचारले तरी ते कळेल.

प्रथम गोठ्याविषयी, कारण सेवा कोणाला परवडेल हे गोठ्यावर ठरते. लहानमोठी मिळून पंचवीसेक जनावरे आहेत. त्यांत जर्सी संकरित गाई अधिक, काही होल्स्टिन संकरित, आणि वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या थोड्या कोकण कपिला. या शेवटच्या जातीला २०१८ मध्ये देशी गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. त्या दूध कमी देतात, पण कातळावर चरून पोट भरतात आणि पावसात आजारी पडत नाहीत. संकरित गाय मात्र आमच्याकडे बहुतेक वेळा कुंभार्ली घाट उतरूनच येते. कराडकडच्या बाजारातून किंवा ओळखीच्या दलालाकडून दुसऱ्या वेताची गाय घ्यायची, टेम्पोत घालायची, आणि दुसऱ्या दिवशी ती इतर गाईंच्या दावणीला उभी, ही इकडची सर्वसाधारण पद्धत आहे. जोन्स आजार गोठ्यात शिरतो तो बहुधा याच वाटेने, विकत घेतलेल्या आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या पोटातून.

आमच्या गोठ्यात जी गाय आजारी पडली तीही अशीच आलेली होती. तिसऱ्या वेतानंतर तिचे शेण पातळ झाले. ताप नव्हता, शेणात रक्त नव्हते, गव्हाणीतली वैरण ती इतरांच्या आधी संपवत असे, आणि तरीही तिच्या अंगाला काही लागत नव्हते. औषध दिले की शेण आवळायचे, पंधरा दिवसांनी पुन्हा सुटायचे. पुढे तिच्या जबड्याखाली पाणी उतरले. बोटाने दाबले की खळगा तसाच राहत असे. गावात अशा गाईला कुड्याच्या सालीचा काढा देतात. साध्या हगवणीत त्याचा उपयोग होत असेलही, इथे काहीच झाले नाही.

या आजाराचा जंतू क्षयाच्या जंतूच्या गोतातला, मायकोबॅक्टेरियम एव्हियम या जातीची पॅराट्यूबरक्युलोसिस ही उपजाती. जर्मनीत ड्रेस्डेन येथे योने आणि फ्रोदिंगहॅम यांनी १८९५ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले, आणि तेव्हापासून आजवर त्यावर गाय बरी करील असे औषध निघालेले नाही. क्षयाच्या काही औषधांनी हगवण काही काळ थांबते, पण जंतू जात नाहीत. लहान आतड्याचे अस्तर सुजून जाड होते, त्याला घड्या पडतात, खाल्लेले शोषले जात नाही आणि रक्तातली प्रथिने उलट आतड्यात झिरपू लागतात. जबड्याखालचे पाणी हा त्याचाच परिणाम. संसर्ग होतो वासरूपणी, प्रामुख्याने पहिल्या सहा महिन्यांत, आणि लक्षणे दिसतात ती साधारणपणे दोन ते पाच वर्षांच्या वयात, बहुधा विण्याचा ताण पडल्यावर. मधल्या वर्षांत ते जनावर चांगले दिसते, गाभण राहते, दूध देते आणि शेणातून जंतू टाकत राहते. हगवण लागलेली एक गाय डोळ्यांना दिसते तेव्हा त्याच कळपात संसर्ग झालेली आणखी १५ ते २५ जनावरे असू शकतात, असा पशुवैद्यकशास्त्रातला प्रचलित अंदाज आहे. तो मोठ्या परदेशी कळपांवरून काढलेला असला तरी आमच्यासारख्याची झोप उडवायला पुरेसा आहे.

म्हणूनच या सेवेची पहिली भेट मला आवडली. गाईची लक्षणे ऐकून डॉक्टरांनी जोन्सचे नाव लगेच घेतले नाही. त्यांनी आधी शेण घेतले, आमच्याच ओटीवर सूक्ष्मदर्शक मांडला आणि पर्णकृमींची, म्हणजे पानासारख्या चपट्या जंतांची, अंडी शोधली. कोकणात हे फार महत्त्वाचे आहे. भातखाचरांत आणि पाणथळीत गोगलगायी असतात, त्यांच्यातून यकृतकृमी आणि पोटातले पर्णकृमी जनावरांत जातात, आणि त्यांचीही लक्षणे हीच: हगवण, हाडांचा सापळा, जबड्याखाली पाणी. हा फरक न करता जोन्सचा शिक्का मारला तर साध्या जंतनाशकाने बरी होणारी गाय हातची जाते. उलट दरवेळी जंताचे औषध पाजत बसले तर जोन्सची गाय आणखी वर्षभर गोठाभर जंतू पसरवते. आमच्या गोठ्यातल्या इतर काही गाईंच्या शेणात अंडी सापडली आणि त्यांना औषध दिल्यावर त्या सुधारल्या. या गाईच्या शेणात अंडी नव्हती. मग डॉक्टरांनी हातमोजा चढवून तिच्या गुदाशयाच्या अस्तरातून खरवडून नमुना घेतला, काचपट्टीवर पसरला आणि क्षयाच्या गोतातले जंतू लाल दिसतात अशा झील-नील्सन पद्धतीने रंगवला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल दांडक्यांचे पुंजके त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला दाखवले. एवढ्यावर निदान पक्के मानू नका, असेही त्याच दमात सांगितले आणि रक्त व शेण प्रयोगशाळेत पाठवले.

तपासण्यांच्या मर्यादा ते आधीच सांगतात, ही या सेवेची दुसरी जमेची बाजू. रक्तावरची किंवा दुधावरची एलायझा चाचणी स्वस्त आहे आणि एका दिवसात अख्ख्या गोठ्याचे नमुने घेता येतात, पण संसर्ग होऊनही लक्षणे न दिसणारी बरीच जनावरे तिच्यातून सुटतात. दोन वर्षांखालच्या कालवडीत तर ती जवळजवळ निरुपयोगी, कारण ही चाचणी जी शोधते ती प्रतिपिंडे, म्हणजे जंतूविरुद्ध रक्तात तयार होणारी द्रव्ये, शरीराने तयार केलेलीच नसतात. शेणावरची पीसीआर चाचणी जंतूचा अंशच शोधते, त्यामुळे अधिक भरवशाची, मात्र महाग. आणि जनावर त्या दिवशी जंतू टाकत नसेल तर तीही चुकते. शेणातून जंतू वाढवून पाहायचे म्हटले तर आठ ते सोळा आठवडे लागतात, कारण हा जंतू अतिशय सावकाश वाढतो. सेवेने आमच्याकडे दोन वर्षांवरील सर्व जनावरांची एलायझा केली, संशयितांचे शेण पीसीआरला पाठवले, आणि ‘एकदा निगेटिव्ह आली म्हणजे निरोगी’ असे समजू नका, ही चाचणी दरवर्षी, शक्यतो गाय आटवताना, पुन्हा करायची आहे, हे कागदावर लिहून दिले. चाचणीचा कागद दाखवून गाय महाग विकणारे दलाल पाहिले असल्यामुळे हा लेखी खुलासा मला मोलाचा वाटला.

सेवेचे खरे काम मात्र वासरांच्या खणात आहे, आणि अभिप्राय द्यायचा तो मुख्यतः याच भागावर द्यायला हवा. जंतू गाईच्या शेणातून बाहेर पडतो आणि वासराच्या तोंडातून आत जातो. बाकी सगळे नियम या एका वाटेवर उभे आहेत. डॉक्टर दुसऱ्या भेटीला सकाळी दूध काढण्याच्या वेळी आले आणि काही न बोलता उभे राहून पाहत राहिले. आमच्या गोठ्याचा उतार दक्षिणेकडे आहे. गाईंच्या मागची मोरी त्या उताराने वाहते आणि तिच्या शेवटी, जिथे ऊब असते आणि पागोळ्यांचे पाणी येत नाही म्हणून, पाडसे बांधण्याची जागा होती. म्हणजे गोठ्यातल्या प्रत्येक गाईचे मूत आणि शेणपाणी वासरांच्या खुरांपर्यंत पोचत होते. त्यांनी ते बोटाने दाखवले. मग शेण ओढायचे फावडे उचलून विचारले की याच फावड्याने वासरांच्या गव्हाणीतला उष्टा पेंढाही काढता ना. काढत होतो; सगळीकडे काढतात.

त्यानंतरचे सगळे बोलणे त्यांनी माझ्याशी न करता भावजयीशी केले, कारण वासरे तीच सांभाळते. “वहिनी, चीक पाजायच्या आधी सड धुता की नुसते पुसता?” इथपासून सुरुवात झाली. मागे आलेल्या एका कंपनीच्या माणसाने गोठ्यात तासभर घालवून घरातल्या एकाही बाईशी शब्द काढला नव्हता, म्हणून हा फरक मुद्दाम नोंदवतो. ठरले ते असे. गाय विण्यासाठी स्वतंत्र, कोरड्या पेंढ्याची जागा, आणि तिथे आजारी गाय कधीही बांधायची नाही. वासरू जन्मताच कोरडे करून आईपासून वेगळे करायचे. चीक स्वच्छ धुतलेल्या सडांतून, स्वच्छ बादलीत, पहिल्या दोन तासांत, वासराच्या वजनाच्या दशांशाच्या आसपास. आणि चीक एकाच गाईचा, तोही चाचणीत निगेटिव्ह आलेल्या गाईचा; चार गाईंचा चीक एकत्र करून सगळ्या वासरांना पाजला तर एका गाईचा रोग चारही घरी जातो, कारण जंतू शेणाबरोबर दुधातून आणि चिकातूनही बाहेर पडतो. पॉझिटिव्ह गाईचे दूध वासराला अजिबात नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोकणात गाय व्याली की चीक शेजारीपाजारी वाटला जातो. खरवस झाला नाही तर गाय व्याल्यासारखे वाटतच नाही. डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. वासराचा वाटा आधी आणि वेळेत, उरलेला चीक खुशाल वाटा, खरवस वाफवला जातोच, एवढेच ते म्हणाले. माणसाच्या क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी या जंतूचा संबंध असावा असा संशय शास्त्रज्ञ अनेक वर्षे व्यक्त करत आले आहेत, पण तो सिद्ध झालेला नाही. दूध उकळून पिण्याची आपली सवय या बाबतीत चांगली आहे, आणि धारोष्ण दुधाचे कौतुक मात्र आवरावे, इतका सल्ला त्यांनी दिला. भीती घालून सेवा विकण्याचा मोह इथे सहज झाला असता.

वासरू जन्मताच तोडण्याचा नियम आमच्याकडे पूर्णपणे चालला नाही, आणि या सेवेची खरी कसोटी तिथे लागली. संकरित गाई यंत्राला किंवा हाताला पान्हा सोडतात. कपिला सोडत नाही. वासरू समोर नसेल तर ती दूध चढवते, लाथ मारते आणि दोन दिवसांत आटू लागते. परदेशी कळपांसाठी लिहिलेले नियम हे गृहीतच धरत नाहीत. डॉक्टरांनी यावर अडून न बसता मधला मार्ग काढला. कपिला गाई चाचणीत निगेटिव्ह आल्या होत्या, त्यांची जागा संकरित गाईंपासून पूर्ण वेगळी केली, कास आणि मांड्या धुऊन मगच वासरू सोडायचे, पान्हा आला की लगेच आपल्या खणात परत न्यायचे. यात धोका शिल्लक राहतो, हे त्यांनी कबूल केले. मला हा निर्णय पटला, कारण जो नियम पाळताच येत नाही तो गोठ्यात आठवडाभरही टिकत नाही आणि त्याच्याबरोबर पाळता येण्यासारखे नियमही सुटतात.

गोठ्याच्या जमिनीवर खर्च झाला तो वेगळा. आमची जमीन जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा सच्छिद्र असतो, त्यात शेणपाणी मुरते, आणि कितीही धुतला तरी तो निर्जंतुक होत नाही. जोन्सचा जंतू गाईच्या बाहेर वाढत नाही, पण सावलीतल्या मातीत वर्षभराहून अधिक जिवंत राहू शकतो आणि साचलेल्या पाण्यातही कित्येक महिने टिकतो. कोकणातला गोठा म्हणजे सावली आणि ओल दोन्ही, वर चार महिने ऊन नाही. सेवेने सगळा गोठा उकरायला लावला नाही. फक्त वासरांच्या खणात आणि विण्याच्या जागेत खडबडीत सिमेंटचा कोबा घालायला सांगितला, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला काढायला लावला आणि वासरांचा खण गोठ्याच्या वरच्या अंगाला, उगवतीला हलवला. आधी शेण खरवडून, पाण्याने धुऊन, मगच फिनॉलवर्गातले जंतुनाशक. शेणावर ओतलेले औषध वाया जाते, हे त्यांनी आमच्या गड्याला स्वतः ब्रश धरून दाखवले. स्वतःचे गमबूटही ते आत येताना आणि जाताना, दोन्ही वेळा, आमच्यासमोर धुतात. आमच्याकडे येणारे कृत्रिम रेतनवाले, दूध नेणारे, खाद्य टाकणारे यांच्यापैकी कोणीही हे करत नाही.

शेणखताचा सल्ला तितकाच कामाचा. गायरीतले, म्हणजे शेणाच्या खड्ड्यातले, ताजे खत वासरांच्या चाऱ्यावर कधीही टाकायचे नाही. ते भाताला, आंब्याच्या कलमांना, नारळाच्या आळ्यांत जाऊ द्यावे आणि कुजलेले असावे. वरकस जमिनीवरच्या संकरित नेपियर गवताला आता रासायनिक आणि गांडूळखत घालतो. मोठ्या गाई ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरतात तिथे वर्षाखालची वासरे सोडायची नाहीत. शेजारच्या शेळ्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हा आजार शेळ्यामेंढ्यांनाही होतो आणि गावच्या चराईत कुंपण घालता येत नाही. मथुरेजवळ मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने देशी जंतूपासून शेळ्यामेंढ्यांसाठी लस तयार केली आहे. ती आजाराची लक्षणे आणि जंतू पसरणे कमी करते. गाईंना लस द्यावी का असे मी विचारले तेव्हा, लस दिलेले जनावर क्षयाच्या त्वचाचाचणीत गोंधळ घालते आणि स्वच्छतेशिवाय लस एकटी काही करत नाही, असे सांगून डॉक्टरांनी तो विषय बाजूला ठेवला. विकण्यासारखी वस्तू असूनही ती विकली नाही.

आता उणे बाजू. सर्वांत मोठी अडचण पॉझिटिव्ह गाईचे पुढे काय करायचे ही, आणि तिचे उत्तर या सेवेकडे अर्धवटच आहे. ज्या देशांत हा आजार आटोक्यात आणला गेला तिथे चाचणी करून बाधित गाय कत्तलीसाठी पाठवणे हा उपाय मध्यभागी आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद आहे आणि २०१५ मध्ये ती बंदी बैल व वळूंनाही लागू झाली, त्यामुळे तो मार्ग इथे नाही. कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात मला इथे काही म्हणायचे नाही. पशुपालकापुढे उरते ते एवढेच की अशी गाय मरेपर्यंत वेगळी पोसायची, किंवा बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गोठ्यात रोग घालायचा. दुसरे बहुतेक जण करतात. आम्ही ती मांगराजवळच्या (शेतातल्या झोपडीजवळच्या) वेगळ्या छपरात ठेवली, तिला शेवटी चारापाणी करायचे, त्यासाठी वेगळी चप्पल आणि वेगळी बादली, असा नेम पाळला आणि पावसाळा संपण्याच्या सुमारास ती गेली. तिचा खर्च कोणी देत नाही. करार घेताना या भागाची स्पष्ट कल्पना द्यायला हवी होती. ‘विलगीकरण करा’ एवढे एक वाक्य छापील पत्रकात होते. काही गोठे मिळून पॉझिटिव्ह गाईंसाठी एक सामायिक छप्पर चालवण्याची सूचना आम्ही केली आहे. त्यावर अजून काही झालेले नाही.

याच गाईची कालवड आमच्याकडे आहे. आजार उघड झालेल्या गाईंच्या पोटातल्या वासरांपैकी शंभरात सुमारे ३९, आणि लक्षणे नसलेल्या बाधित गाईंच्या वासरांपैकी सुमारे ९, गर्भातच संसर्ग घेऊन येतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वासराचा खण कितीही स्वच्छ ठेवला तरी या कालवडीविषयी खात्री देता येत नाही. ती देखणी आहे, बापही चांगल्या दुधाच्या वंशावळीचा. डॉक्टरांचे मत तिच्यावर गोठा उभारू नये असे स्पष्ट आहे, आणि हे मत त्यांनी विचारण्याआधी दिले.

दुसरी तक्रार अहवालांची. नमुने बर्फात घालून घाटावर जातात. पावसाळ्यात घाट बंद पडला की खोके चिपळूणलाच राहते, आणि आमच्या एका खेपेचे शेणाचे नमुने असेच खराब होऊन पुन्हा घ्यावे लागले. त्याचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत हे खरे, पण मधला काळ दोन संशयित गाई निष्कारण वेगळ्या बांधून ठेवाव्या लागल्या. नमुने मे महिन्यापूर्वी किंवा दिवाळीनंतरच घ्यावेत, असे वेळापत्रक सेवेने स्वतःहून ठरवायला हवे; इतकी वर्षे कोकणात काम करणाऱ्यांना पाऊस नवा नाही. शिवाय प्रयोगशाळेचा अहवाल जसाच्या तसा, इंग्रजीत, आकड्यांसह मोबाइलवर येतो. फोन केला तर डॉक्टर समजावून सांगतात, परंतु मराठीत दोन ओळी लिहून पाठवणे अवघड नव्हते, विशेषतः जेव्हा अहवाल वाचून त्यावर वागणारी व्यक्ती भावजय आहे.

तिसरी तक्रार नवीन गाय घेताना मिळणाऱ्या मदतीची. करारात ‘खरेदीपूर्व सल्ला’ असे आहे. प्रत्यक्षात तो सल्ला फोनवरचा आहे. तो चुकीचा नाही: एकट्या गाईची चाचणी पाहण्यापेक्षा ती ज्या गोठ्यातून येते तो गोठा पाहा, तिथल्या मोठ्या गाईंचे शेण पाहा, गेल्या काही वर्षांत ‘खात होती पण वाळत गेली’ अशी गाय गेली का हे दुधवाल्याला विचारा. पण कराडच्या बाजारात दलाल घाई करत असताना हे सगळे शक्य होत नाही. सेवेने घाटावरच्या एखाद्या विश्वासू पशुवैद्याशी जोडून घेतले तर हा भाग उभा राहील. आम्ही तूर्त बाहेरून गाय आणणे थांबवले आहे आणि घरच्याच कालवडी वाढवत आहोत.

खर्चाचे म्हणाल तर वर्षाची फी एका चांगल्या संकरित गाईच्या आठ-दहा दिवसांच्या दुधाच्या किमतीइतकी पडते. चाचण्यांचे पैसे वेगळे, आणि ते फीपेक्षा अधिक होतात, हे आधी समजून घ्यावे. कोब्याचा खर्च तर आपलाच. वीस-पंचवीस जनावरांच्या गोठ्याला, आणि ज्याने गेल्या पाचसहा वर्षांत बाहेरून गाई आणल्या आहेत त्याला, ही सेवा घेण्यासारखी आहे असे माझे मत आहे. घरी दोन कपिला आणि एक म्हैस असणाऱ्याने मात्र हे पैसे घालू नयेत. त्याने तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्यावे, संशय वाटल्यास पुण्यात औंध येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुने पाठवण्याविषयी तिथल्या डॉक्टरांना विचारावे, आणि वासरू शेणापासून दूर ठेवावे. त्याला एवढे पुरेल.

ज्यांना झटपट गुण हवा आहे त्यांनाही ही सेवा रुचणार नाही. आज वासरांच्या खणात केलेल्या कामाचे फळ ती वासरे दोन-तीन वेते देतील तेव्हा कळणार, आणि तोवर जुन्या गाईंपैकी एखादी पुन्हा हगवणीला लागू शकते. तसे झाले तर तो सेवेचा दोष नसेल. आम्ही कराराचे नूतनीकरण केले आहे, मात्र शेणाचे नमुने पाऊस लागण्यापूर्वी घेतले जातील आणि प्रत्येक अहवालासोबत मराठीत टिपण मिळेल, या दोन अटी करारपत्रावर हाताने लिहून त्यांची सही घेतली. त्या आजारी गाईची कालवड पुढच्या माघात दोन वर्षांची होईल. तेव्हा तिचे रक्त आणि शेण दोन्ही जाणार आहे, आणि तोवर तिला रेतन करायचे नाही असे ठरले आहे.